त्यानं काय सोडलं?

जनावर दुखण्यानं ओरडलं की हिंगोली जिल्ह्यात पहिला प्रश्न येतो, "कुठं लागलं?" जखम दिसली नाही की प्रश्न संपतात आणि सल्ले सुरू होतात. हळद लावा, दृष्ट काढा, एक दिवस उपाशी ठेवा. अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या कुत्र्यालाही हेच सल्ले मिळतात, वर माणसांच्या औषधाच्या डब्यातल्या गोळीची भर पडते. हिंगोलीत जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडे मात्र लहानपणापासून वेगळा प्रश्न होता. तो त्यांच्या आजोबांचा होता.

बाईंचं माहेर वसमतकडचं, हळदीच्या पट्ट्यातलं. आजोबांना सगळं गाव आबा म्हणायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आबा बैलाच्या खांद्याला तूप आणि हळद चोळायचे. इतर घरांत तो सणाचा भाग होता, आबांचा हात मात्र तपासणी करायचा. मानेपासून वशिंडापर्यंत बोटं सावकाश सरकायची आणि एखाद्या जागी कातडी थरथरली की तिथंच थांबायची. जुवानं खांदा यायला लागलाय, हे वर फोड दिसायच्या आधी त्यांना हाताला कळायचं.

एका वर्षी बैल लंगडत नव्हता, वैरण खात होता, तरी आबांनी त्याला औताला जुंपलं नाही. विचारल्यावर म्हणाले, "डाव्या अंगावर बसायचं सोडलंय त्यानं. कुठं दुखू लागलं ते जनावर सांगत नसतंय. काय सोडलं ते बघावं." डाव्या पायाच्या जांघेत बाभळीचा काटा आत मोडून राहिला होता. वरून कातडी मिटलेली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तो काढला तेव्हा पोरं बघायला जमली होती, त्यात बाईही होत्या.

कुत्र्याच्या बाबतीत हा जिल्हा तसा भाग्यवान. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी इथलंच, आणि कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले, ही गोष्ट इथल्या लहान पोरांनाही पाठ असते. त्यामुळे दारातल्या कुत्र्याला भाकरी टाकणं हे पुण्य आहे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. ते कुत्रं भाकरी का खाईना, हे बघत बसायला मात्र फारसं कुणी थांबत नाही.

घरात कुत्रं पाळायची हौस आली ती नव्वदच्या दशकात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधला टफी थिएटरात टाळ्या घेऊन गेला आणि पांढरंशुभ्र झुपकेदार कुत्रं मराठवाड्यातल्या नोकरदार घरांतही दिसू लागलं. सगळे त्याला पामेरियन म्हणत. खरं तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकलेलं ते इंडियन स्पिट्झ. बाईंच्या सासरी असंच एक आलं. परभणीतून निघून हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, ते १९९९ साल उजाडलं तेव्हा ते घरात रुळलेलं होतं.

हे स्पिट्झ पळता पळता मध्येच मागचा एक पाय उचलायचं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारायचं, उचललेला पाय मागे झटकायचं आणि जणू काही झालंच नाही असं पुन्हा पळायचं. घरच्यांना त्याची गंमत वाटायची. बाईंच्या नजरेत दुसरंच भरलं. दिवाणावर उडी मारून बसणारं कुत्रं आता दिवाणासमोर उभं राहून उचलून घ्यायची वाट बघत होतं. उडी सोडली होती. डॉक्टरांनी गुडघा हातात धरून अंगठ्यानं हलकेच दाबला, तशी वाटी खोबणीतून बाजूला सरकली आणि पाय सरळ केल्यावर परत जागेवर आली. लहान जातींत हा दोष जन्मापासूनच्या ठेवणीचा असतो. त्याचे चार टप्पे मानतात. पहिल्या दोन टप्प्यांत वजन आटोक्यात ठेवून अनेकांचं निभतं, पुढच्या टप्प्यांत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

मुक्या जिवाच्या वेदनेबद्दल शास्त्रही फार उशिरा बोलकं झालं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ साली वेदनेची व्याख्या केली. ज्याला दुखणं शब्दांत मांडता येत नाही, त्याला ती न्याय देत नाही, अशी टीका तिच्यावर होत राहिली. २०२० साली व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपणात स्पष्ट नोंदवलं गेलं की बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग आहे. सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नाही असं ठरत नाही. त्याआधीच स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी कुत्र्याची वेदना मोजायची पट्टी तयार केली होती. कुत्रं कण्हतं का, एखाद्या जागेकडे सारखं बघतं का, चालायला नाखूश आहे का, हात लावल्यावर काय करतं, अशा प्रश्नांना गुण देऊन ती बेरीज करते. आबांनी ती वाचली असती तर "यात नवीन काय?" असंच विचारलं असतं.

मग चिकू आला. डॅशहुंड, आखूड पायांचा, लांब पाठीचा. बिळात शिरून बॅजरची शिकार करायला जर्मनीत घडवलेली ही जात हिंगोलीच्या फ्लॅटमध्ये पायपुसण्यावर झोपत होती. एका उन्हाळ्यात तो काखेत हात घालून उचलला की किंचाळू लागला. खाली ठेवला की गप्प. अंगावर ओरखडा नाही, पायाला सूज नाही, ताप नाही.

पहिला संशय गोचिडांवर गेला आणि तो रास्त होता. मराठवाड्यात कुत्र्याचे सांधे दुखू लागले की गोचीड ताप आधी बघावाच लागतो. ही तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावरच थांबत नाही, भिंतींच्या भेगांत चढते, तिथं हजारोंनी अंडी घालते. तिच्या चाव्यातून जाणारा एर्लिकिया नावाचा जंतू १९३५ साली अल्जीरियात सापडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे त्यानं मेले, तेव्हा जगाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. रक्तातल्या प्लेटलेट घटतात, हिरड्यांतून रक्त येतं, पाय आज हा, उद्या तो असे दुखतात. चिकूचं रक्त तपासलं, प्लेटलेट ठीक होत्या. दात पाहिले, कान पाहिले, पोट दाबून पाहिलं, शेपटीखालच्या ग्रंथी पाहिल्या. काहीच हाती लागलं नाही.

शेजारच्या काकांनी कंबरदुखीची स्वतःची गोळी पुढे केली. "अर्धी द्या, लेकराला बरं वाटेल." बाईंनी ती परत दिली. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक माणसाला सोसतात, कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलचा डोस जरा चुकला तर यकृत जातं. डायक्लोफिनॅकनं तर आपल्याकडची गिधाडं संपवत आणली. ते दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

गोळी नाही, निदान नाही. मग बाई आबांच्या प्रश्नाकडे वळल्या. चिकूनं काय सोडलं? जेवण, असं घरचे म्हणत होते. पण हातातलं बिस्कीट तो आवडीनं खात होता. वाटीतलं तेवढं राहत होतं. म्हणजे भूक होती, मान खाली घालणं सोडलं होतं. हाक मारली तर डोळे फिरवायचा, डोकं वळवत नव्हता. उभा असताना पुढचा डावा पाय किंचित वर धरायचा. बाईंनी हे मोबाइलवर टिपलं आणि औंढा नागनाथवरून परभणी गाठली. १९७२ साली सुरू झालेलं तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय अवघ्या पट्ट्याचा आधार आहे.

तिथल्या डॉक्टरांनी आधी व्हिडिओ पाहिला, मग बिस्कीट मागवलं. नाकासमोर धरून ते उजवीकडे, डावीकडे, वर, खाली नेलं. डावीकडे नुसते डोळे गेले. खाली नेताच मानेचे स्नायू दोरखंडासारखे ताठले आणि कान थरथरला. एक्स-रेत मानेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधली फट अरुंद झालेली आणि तिथं चुन्यासारखा पांढरा ठिपका दिसला. लहान कुत्र्यांत मानेची चकती सरकण्याची ही नेहमीची जागा. मज्जारज्जू किती दबलाय हे एक्स-रे सांगत नाही, त्याला एमआरआय लागतो आणि कुत्र्याचा एमआरआय म्हणजे मोठं शहर. पण पाय लुळे पडलेले नव्हते, त्यामुळे आधी विश्रांती असं ठरलं.

आखूड पाय आणि ही चकती यांचं नातं जनुकात आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत येऊन बसली आहे. ती पाय आखूड करते आणि मणक्यांमधल्या चकत्या कोवळ्या वयातच कडक करते. डॅशहुंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. स्कँडिनेव्हियात पैदाशीआधी या जातीच्या पाठीचा एक्स-रे काढून कडक झालेल्या चकत्या मोजतात. आपल्याकडे पिल्लू विकणारा फक्त कानांची लांबी दाखवतो.

चिकू पिंजऱ्यात बसला. अशा दुखण्यात चार ते सहा आठवडे सक्त विश्रांती सांगतात. लघवीपुरतं बाहेर, तेही छातीच्या पट्ट्यावर; गळ्यातला पट्टा कायमचा निघाला. वाटी चौरंगावर चढली. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक डॉक्टरांनी वजन करून दिलं. चिकू आता वाटीतलं खातो, हाकेला डोकं वळवतो. हे दुखणं पुन्हा उलटू शकतं, म्हणून सोफ्यावर चढणं त्याला बंद आहे आणि ते त्याला अजिबात मान्य नाही.

तुमच्या घरचं छोटं कुत्रं कारण दिसत नसताना ओरडू लागलं, तर ते कुठं ओरडतं यासोबत त्यानं काय सोडलं तेही बघा: जिना, उडी, वाटी, एका कुशीवर झोपणं, शेपटी हलवणं. चालताना, खाताना, उठताना त्याचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर भीतीनं कुत्रं दुखणं लपवतं. घरातली गोळी देऊ नका. आणि मागचे पाय ओढू लागलं किंवा लघवी अडली, तर व्हिडिओ काढत बसू नका; त्याच क्षणी डॉक्टरांकडे निघा.