शिंदळमाकुडी आणि आपला माळ

आज शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या एका झाडोऱ्याबद्दल. पावसाळ्यात पुरंदरच्या कड्यावर, तसंच जुन्नरला शिवनेरीवर, खडकाच्या खाचेतून जाड, रसाळ फांद्या लोंबतात. त्यांना चांदणीसारखं गडद तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके. ही शिंदळमाकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर (१८६२ ते १८६७) बार्टल फ्रेअर यांच्यावरून. जगात ती फक्त महाराष्ट्रात, तीही मोजक्या डोंगरांवर.

कड्यावरच का उरली? ही रुईच्या कुळातली. बी म्हातारीसारखं उडतं, कुठंही पडतं. पण शेरडाचं तोंड पोचतं तिथं रसाळ फांदी टिकत नाही.

आपल्या वडगावकडच्या जिरायत माळावरही हेच घडतं. गोड गवत, म्हणजे मारवेल अन् पवना, आधी संपतं. जनावर तोंड लावत नाही ती तरवड आणि कुसळ तेवढी राहते. यात मेंढरंवाल्याचा दोष नाही. माळ आक्रसला, चराई बारमाही झाली.

उपाय साधा आहे. माळाचे चार भाग करा. दरसाल एक भाग बी गळेपर्यंत बंद ठेवा, मग गवत कापून न्या. शिंदळमाकुडी फांदीच्या तुकड्यापासून लागते, त्यामुळं रोपवाटिकेत वाढवता येते. कड्यावरून मात्र कुणी उपटू नका.

ग्रामसभेत भाग ठरवताना मेंढरंवाल्यांना आधी बोलवा. तोवर चारायचं कुठं, हे ठरल्याशिवाय चराईबंदी टिकत नाही.