ऐनवेळचा इंद्र

जत्रेच्या रात्री निरोप आला: इंद्राचं काम करणारा नट तापाने पडलाय. गावच्या हौशी दशावतारी मंडळात मी तोवर द्वारपाल म्हणून उभा राहिलेला, तोही न बोलणारा. मालक रंगपटात चेहऱ्याला रंग लावत होते. आरशातूनच म्हणाले, ‘‘गुरुजी, आज इंद्र तुमी.’’

‘‘आणि संवाद?’’

‘‘ते खंय लिवलेले आसत? समोरचो काय बोलता ता आयका.’’

आमच्या सिंधुदुर्गात हे नेहमीचंच. गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार आटोपला, की आख्यान. कथा कोणती आणि कोणामागून कोण येणार, एवढंच ठरतं. बोलणं ज्याचं त्याने. शहरात याला ‘उत्स्फूर्त’ म्हणून वाखाणतात, ते मला अर्धंच पटतं. जुन्या नटांच्या डोक्यात श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ मुरलेले असतात. कोठार भरलेलं असलं, तरच ऐनवेळी हाताला काही लागतं.

आख्यान होतं वृंदा-जालंधराचं. जालंधर समुद्राचा मुलगा. मंथनात निघालेली रत्नं तो इंद्राकडे परत मागतो. इंद्र नाकारतो, लढतो, हरतो. देवळाच्या सभामंडपात एक बाकडं, तेच माझं सिंहासन. भारदस्त वाक्यं मनात जुळवून मी बसलो होतो. जालंधराने आल्या आल्या ती निकामी केली.

‘‘देवेंद्रा, माझ्या पित्याला घुसळताना त्याची संमती घेतली होतीस?’’

पेटीवाला सूर धरून माझ्याकडे बघत राहिला. मृदंगावर एक हलकी थाप पडली. मिळाली ती उसंत तेवढीच. मी म्हणालो, ‘‘तुझ्या पित्याने हलाहलही दिलं होतं. सगळंच परत न्यायचं असेल, तर आधी महादेवांचा कंठ गाठ!’’

टाळ्या पडल्या. पण खरी करामत पुढची. जालंधर गडगडाटी हसला. ‘‘गाठणारच! तुझं आटोपलं, की कैलास!’’ पुढे त्याचं शंकराशी युद्ध आख्यानात असतंच. माझं वाक्य त्याने अलगद उचलून तिथे नेऊन बांधलं. मग तलवारी, मृदंगाची चढती लय आणि माझा रीतसर पराभव.

पुढच्या जत्रेत नेहमीचा इंद्र परतला. मी प्रेक्षकांत. जालंधराने तोच प्रश्न टाकला आणि मी हलाहलाची वाट बघू लागलो. इंद्र बाकड्यावरून हललासुद्धा नाही.

‘‘संमती? वासुकीचं तोंड धरून तुझे असुरच ओढत होते. त्यांनी विचारली असेल की!’’