एका टिंबाची गोष्ट

मराठीच्या प्राध्यापकाला दोन व्यसने असतात : चहा आणि मुद्रितशोधन. दुसऱ्या व्यसनात मी आमच्या सौभाग्यवतीलाही ओढले आहे. ती हस्तलिखित मोठ्याने वाचते, मी मुद्रिते तपासतो. परवा रात्री मात्र ती सारखी अडखळत होती. ‘वंश’चा ‘वश’ झाला, पुढे एक ओळच गळाली. मी चिडून म्हणालो, “अनुस्वार म्हणजे काय माशीने घातलेले टिंब वाटले?” ती काही बोलली नाही. कागद ठेवून आत गेली.

आमची कन्या सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. ती म्हणाली, “बाबा, टिंबाची किंमत फक्त तुम्हां मराठीवाल्यांनाच कळते असे समजू नका. ई. कोलाय नावाच्या जंतूलाही ती कळते.”

मग तिने समजावून दिले. पेशीत प्रथिने तयार होतात ती तीन-तीन अक्षरांचा संदेश वाचून. हे वाचन करतो ट्रान्स्फर आरएनए नावाचा चिमुकला रेणू. त्याची तीन अक्षरे संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळतात. त्यांना लागूनच, ३७व्या जागी, काही रेणूंत एक खास अक्षर असते. मियाबी नावाचे एन्झाइम त्यावर गंधकाचा एक अणू आणि त्याला जोडून एक मिथिल गट बसवते. अक्षर तेच; पण पकड घट्ट होते, वाचन घसरत नाही. या एन्झाइमच्या पोटात लोह आणि गंधक यांच्या अणूंची दोन गाठोडी असतात. त्यांच्यावाचून हे टिंब बसतच नाही.

“आणि लोहच मिळाले नाही तर?” मी विचारले.

“जंतू लगेच मरत नाही. काम रेटत राहतो. पण त्याचे काही ट्रान्स्फर आरएनए बिनटिंबाचे राहतात. १९६९ सालीच हे दिसून आले आहे.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “आईच्या रक्ताचा रिपोर्ट चार दिवस तुमच्या टेबलावर पडला आहे. हिमोग्लोबिन ८ आहे. पाहिलात?”

तो कागद माझ्या मुद्रितांखालीच होता.

मी चाचरत म्हणालो, “म्हणजे हिचेही टिंब...”

“छे! ते प्रकरण निराळे. आईच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी आहे, म्हणून ती थकते. उपमा वर्गात द्या, बाबा. आईला गोळ्या आणून द्या.”

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणल्या. रात्री आम्ही तिघे एकदम जेवायला बसलो. इतकी वर्षे ती मागाहून, पातेल्यात उरेल ते घेऊन बसे, आणि मला त्यात कधीच काही खटकले नव्हते. व्याकरणाची चूक असती तर खटकली असती.

उरलेली मुद्रिते मी एकट्यानेच तपासली. पुस्तक छापून आले. सौ.ने ते सहज चाळले आणि दोन गळलेल्या अनुस्वारांवर बोट ठेवले.

“असू देत,” ती म्हणाली, “माशीने नेली असतील.”