सफ आणि पंगत

आठवीच्या वर्गावर इतिहासाचा तास होता. ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, आर्य समाज ही नावे आम्ही दरवर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहितो. संस्थापक, वर्ष, कार्य असे तीन रकाने पाडतो. मुली ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. खरे सांगायचे तर आम्हीही विसरतो. पण त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई घरी विड्या वळते. तिने विचारले, "आपा, ये लोगां बी एकीच खुदा को मानते थे, तो फिर मुसलमान कैकू नै हुए?"

वर्ग हसला. तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या एका उर्दू शाळेतल्या चार शिक्षिका. सगळ्या तिशीतल्या, बी.एड. झालेल्या. घरात दखनी बोलतो, वर्गात उर्दू शिकवतो आणि मनातले काही लिहायचे झाले की मराठीत लिहितो. 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्याच शहरात भरले होते. तेव्हा आम्ही शाळकरी मुलीही नव्हतो, पण त्याच्या गोष्टी ऐकतच वाढलो. मधल्या सुट्टीत आमचे डबे एकत्र उघडतात. त्यानंतर रिकाम्या वर्गात सतरंजी अंथरून आम्ही जोहरची नमाज अदा करतो. मोहल्ल्याच्या मशिदीत बायकांना जागा नाही. म्हणून ती सतरंजी हीच आमची मशीद आणि चौघींची ती सफ हीच आमची जमात.

मुलीचा प्रश्न डब्यावर निघाला. एक म्हणाली, "हिदायत अल्लाहच्या हातात." हे उत्तर खरे होते, पण मुलीला ते पुरले नसते. म्हणून आम्ही वाचायला घेतले. उर्दूत फारसे काही हाती लागले नाही. मराठीत मात्र पुष्कळ मिळाले.

पहिला धक्का राममोहन रॉय यांनी दिला. ते पाटण्याला अरबी-फारसी शिकले होते, इतके की लोक त्यांना 'जबरदस्त मौलवी' म्हणत. 1803-04 च्या सुमारास त्यांनी जे पहिले पुस्तक लिहिले ते फारसीत, त्याची प्रस्तावना अरबीत आणि नाव 'तुहफतुल मुवह्हिदीन'. म्हणजे 'एकेश्वर मानणाऱ्यांना भेट'. 'मुवह्हिद' हा आमच्या मदरशातला शब्द. तोच शब्द घेऊन या माणसाने बंगालमधल्या नव्या धर्मविचाराची सुरुवात केली. पुढे कलकत्त्यात विल्यम अॅडम नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची चर्चा झाली. राममोहन ख्रिस्ती व्हायचे राहिले, उलट अॅडमच हजरत ईसांना खुदा मानायचे सोडून युनिटेरियन झाला. त्याच्या भाईबंदांनी 'दुसरा पतित आदम' म्हणून त्याची टर उडवली. 1821 साली या दोघांनी मिळून कलकत्त्यात युनिटेरियन कमिटी काढली.

युनिटेरियन हे ख्रिस्ती परंपरेतले मुवह्हिद. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन न मानता ते देव एकच मानत. त्यापायी त्यांनी फार सोसले. मायकेल सर्व्हेटसला 1553 साली जिनिव्हात जिवंत जाळले. ट्रान्सिल्व्हानियात 1568 साली टोर्डा येथे धर्मस्वातंत्र्याचा ठराव झाला. त्यामागे फेरेन्स डेव्हिड हा युनिटेरियन उपदेशक होता, आणि तो मुलूख त्या वेळी तुर्की सुलतानाच्या मांडलिकीत होता. पुढे राजा बदलला आणि डेव्हिड 1579 साली कैदेत मेला. हे वाचताना आम्हाला लाज वाटली. आमच्या कानात जन्मताच अजान पडली. आम्हाला तौहीद फुकट मिळाली आणि यांनी तिची किंमत मोजली.

दुसरा धक्का घरच्या जवळचा होता. मुंबईत 1849 साली परमहंस सभा निघाली. तिची बैठक गुप्तपणे भरे. नव्या सभासदाला जात सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. या मंडळींच्या मुक्तीची सुरुवात आमच्या हातच्या पाण्याने झाली, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवले नव्हते. पण 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली. आता आपली नावे फुटणार या भीतीने सभा मोडली. बंद दाराआड एका ताटात जेवणारी माणसे दार उघडण्याची वेळ येताच पांगली.

त्यांच्यातल्याच काहींनी पुढे 31 मार्च 1867 रोजी प्रार्थना समाज काढला. डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यात पुढे होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर मागाहून आले. रविवारी उपासना, तुकोबांचे अभंग, प्रवचन; मूर्ती नाही, मध्यस्थ पुरोहित नाही. हे सारे आमच्या मनाला फार जवळचे वाटले. मात्र समाजाने एक शहाणपण केले, किंवा एक भीती बाळगली म्हणा. सभासदाने जात सोडलीच पाहिजे अशी अट घातली नाही. मंदिरात एक देव, घरी गेल्यावर जुनी पंगत. परमहंस सभेचा धडा त्यांनी असा घेतला.

ही चौकट मोडायला निघाले ते विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचे, वारकरी घरातले. ब्रिटिश युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ते 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि दोन वर्षे तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून 1903 साली परतले. युनिटेरियन मंडळींची रविवारची उपासना त्यांनी पाहिली. त्याच मंडळींनी शहरांतल्या गरीब वस्त्यांत चालवलेले कामही पाहिले. परतल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद घेतले. पण केवळ प्रवचनावर त्यांचे समाधान होईना. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली आणि अस्पृश्य मुलांसाठी परळला शाळा उघडली. बहीण जनाक्काही त्या कामात उतरली. पुढे समाजातल्या मंडळींशी त्यांचे पटले नाही आणि ते प्रचारकपदावरून दूर झाले. देव एक आहे यावर त्यांच्यात भांडण नव्हतेच. मग भांडण कशाचे? आम्हाला वाटते, त्या एकाच्या नावाने आपण कुठवर चालायचे, याचे.

याच सुमारास एका प्रशिक्षणासाठी आम्हा चौघींना दोन दिवस पंढरपूरला जावे लागले. सोलापूरहून मोहोळमार्गे एस.टी. जाते. पंढरपुरात प्रार्थना समाजाचा नवरंगे बालकाश्रम आहे, हे वाचले होते. 1875 साली लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गृहस्थांच्या पुढाकाराने त्या कामाची सुरुवात झाली. फसवल्या गेलेल्या विधवा दूरदूरहून या तीर्थक्षेत्री येत, गुपचूप बाळंत होत आणि मूल टाकून जात. अशा मुलांना कुणाचे नाव नाही, जात नाही. त्यांना पदराखाली घेणारे हे घर होते. लागलीच 1876 चा दुष्काळ आला आणि अनाथांची संख्या वाढली. सायंकाळी आम्ही तिथवर चालत गेलो. आत जाण्याचे काही काम नव्हते म्हणून दारातूनच परतलो. वाटेत आमच्यातली एक म्हणाली, "यांच्यासाठी ज्यांनी घर बांधले, त्यांची इबादत कबूल झाली असणार." बाकीच्या आम्ही आमीन म्हणालो.

जी असे म्हणाली ती आमची सहशिक्षिका नदाफ घराण्यातली. वडील गाद्या भरत. बापाच्या पिंजणाच्या आवाजात अभ्यास करून ती शिकली. आमच्या चौघींत सर्वांत चांगले उर्दू तिचेच.

पंढरपूरहून आल्यावर दोन महिन्यांनी आमच्यापैकी एकीच्या घरी तिच्या धाकट्या बहिणीचा विषय निघाला. मुलगी पदवीधर, शांत, नमाजी. आमच्यापैकी एकीचा भाऊ लग्नाचा होता. त्याला ती पसंत होती. रिश्ता घरात बोलला गेला, तसा घरातल्या बुजुर्गांनी हात झटकला. "लडकी अच्छी है, पन अपने में नै चलता." आम्ही शेख. कुफूचा दाखला निघाला, खानदानाचा निघाला. ज्या माणसांनी आयुष्यभर एका सफेत नदाफांच्या खांद्याला खांदा लावून नमाज अदा केली, त्यांना दस्तरखानावर तो खांदा नको होता.

'आमच्यापैकी एकीच्या घरी' असे वर लिहिले, पण ते घर आमचेच. भाऊ आमचाच. आणि त्या बैठकीत गप्प बसलो तेही आम्हीच.

आम्ही बोलू शकलो असतो. दाखले आम्हाला पाठ होते. आमच्या नबींनी आपल्या आतेबहिणीचा, हजरत जैनब यांचा निकाह हजरत जैद यांच्याशी लावून दिला होता. जैद हे आझाद केलेले गुलाम. ते लग्न टिकले नाही ही गोष्ट वेगळी, पण जोडताना वंश आडवा आला नाही. आखरी खुतब्यात अरब आणि अजमी यांच्यात तकवाखेरीज कोणताही फरक नाही, असे त्यांनी हजारोंसमोर सांगितले. आम्ही हे दर रबीउल अव्वलला मुलींना भाषणासाठी लिहून देतो. पण त्या रात्री चहाचे कप उचलून आम्ही आत गेलो.

दुसऱ्या दिवशी जोहरला ती नेहमीसारखीच आमच्या शेजारी उभी राहिली. खांदा खांद्याला लागला. तिने सलाम केला, डबा उघडला, मुलींच्या वह्यांविषयी बोलली. रिश्त्याचा शब्द काढला नाही. त्या दिवशीच्या नमाजमध्ये आम्ही किती रकात अदा केल्या, हे आम्हाला नीट सांगता येणार नाही. सजद्यात एकच विचार येत होता, की परमहंस सभेची कागदपत्रे चोरीला गेली म्हणून ती माणसे पळाली. आमचे तर काही चोरीलाही गेले नव्हते.

आपल्या लोकांत जात नाही, असे आपण व्यासपीठावर म्हणतो. तहसील कचेरीत दाखला काढायला जातो तेव्हा मात्र नदाफ, बागवान, तांबोळी, मोमीन, शिकलगार अशी नावे आपल्याला व्यवस्थित आठवतात. तो दाखला काढणे चूक नाही. मागे राहिलेल्यांचा तो हक्क आहे. पण त्या दाखल्यावरची रेघ घरात आणून दस्तरखानाच्या मधोमध ओढायला आपल्याला कुणी सांगितले होते?

युनिटेरियन मंडळींविषयी वाचताना एक गोष्ट मनात राहिली होती. त्यांच्या अनेक जमातींत रविवारी एक वेळ राखून ठेवलेली असते. ज्याला वाटेल त्याने पुढे यावे, मेणबत्ती लावावी, आपला आनंद किंवा दुःख चार शब्दांत सर्वांसमोर सांगावे. कुणी उत्तर देत नाही, उपदेश करत नाही, फक्त ऐकतात. त्यांचा अकीदा आपला नाही आणि तो घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. पण जमात म्हणजे नुसते एका दिशेला तोंड करून उभे राहणे नव्हे. शेजारच्याला कुठे दुखते हे ठाऊक असणेही त्यात आले. आमच्या सफेत चार जणी होत्या. त्यातल्या एकीला आम्ही दुखवले आणि ते बोलायची जागा त्या सफेत नव्हती.

म्हणून एका जुम्म्याला डबे उघडण्याआधी आम्ही तिला म्हणालो, "आम्ही त्या रात्री गप्प बसलो. चुकले." मेणबत्ती वगैरे काही नव्हती, बाहेर पोरींचा गोंगाट होता. ती थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मेरे कू बोलके क्या होता आपा? उनो कू बोलो."

ते खरे होते. माफी तिच्याकडे मागणे सोपे होते, कारण ती कधी आवाज चढवत नाही. घरी बोलणे अवघड होते. आम्ही घरी बोललो. अब्बा आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तो रिश्ता काही जुळला नाही. तिच्या बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले आणि ती सुखात आहे. पण आता घरात "अपने में नै चलता" हे वाक्य निघाले की आमच्याकडे बघून बुजुर्ग जरा थांबतात. एवढेच झाले.

त्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले होते. वर्ष संपायच्या आधी आम्ही दिले. म्हणालो, "बेटा, एक म्हणायला एक क्षण पुरतो. एक होऊन जगायला त्या लोकांना शंभर वर्षे पुरली नाहीत आणि आपल्याला चौदाशे. ते मुसलमान का नाही झाले ते अल्लाह जाणे. आपण मुसलमान होऊन काय केले, ते मात्र आपल्याला विचारले जाणार आहे."

तिने वहीत लिहून घेतले. मग हात वर करून विचारले, "आपा, ये इम्तिहान में आएगा क्या?"

आम्ही म्हणालो, "हौ. आएगा."