रिकाम्या काट्यावरचा अर्धा किलो

वेचणीच्या दिवसांत महागावकडे कापूस संध्याकाळी मोजतात आणि वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते. आपल्या शेतापुरता काटा घरीच बनवावा म्हणून वजनानुसार व्होल्टेज देणारा ४० किलोचा लोड सेल आणि ते व्होल्टेज वाढवणारा एलएम३५८ हा ऑप-अँप घेऊन बसलो. पहाटेच्या गारठ्यात आकडा शून्यावर आणला. दुपारी पत्र्याखालची खोली तापली आणि रिकामा काटा अर्धा किलो दाखवू लागला.

मला काही उमजेना. लोड सेल काढला, सर्किटची दोन्ही इनपुट एकत्र जोडून २.५ व्होल्टवर ठेवली. आता मोजायला फरकच उरला नव्हता, तरी आउटपुट उन्हाबरोबर सरकतच होतं.

उलगडा डेटाशीटमध्ये होता. ऑप-अँपच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची जोडी असते. तापमान १ अंशाने वाढलं की प्रत्येकाचा बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. दोघे सारखेच उतरले तर परिणाम शून्य; पण जोडी तंतोतंत सारखी कधीच नसते. हा उरलेला फरक म्हणजे इनपुट ऑफसेट व्होल्टेज. एलएम३५८ मध्ये तो साधारण २-३ मिलिव्होल्ट असतो आणि अंशामागे सुमारे ७ मायक्रोव्होल्टने हलतो.

सात मायक्रोव्होल्ट! इतक्याशा आकड्याने काय होणार, असं वाटलं. मग हिशेब मांडला. ५ व्होल्टवर माझा लोड सेल पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे किलोला २५० मायक्रोव्होल्ट. पहाट ते दुपार २० अंशांचा फरक धरला तर १४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५६० ग्रॅम. हा अर्धा किलो कुणाच्या तरी मजुरीतला आहे, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

पोटेन्शिओमीटर फिरवून ऑफसेट घालवता येतो, पण त्याच एका तापमानाला. डेटाशीटमधले ठळक आकडे २५ अंशांचे. आपल्याकडची खोली तिथे दिवसातून किती वेळ थांबते? म्हणून ओपी०७ हा दुसरा ऑप-अँप लावला. त्याचा ड्रिफ्ट, म्हणजे तापमानाबरोबर ऑफसेटचं हलणं, अंशाला साधारण अर्धा मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्याच २० अंशांत ४० ग्रॅम. शिवाय प्रत्येक मोजणीआधी रिकामा काटा शून्य करायचा, हे ठरवूनच टाकलं.

तरीही बोर्डावर फुंकर घातली की आकडा किंचित हलतो. आयसीचे पाय एका धातूचे, बोर्डावरचं तांबं दुसरं. दोन सांध्यांच्या तापमानात फरक पडला की तिथेही मायक्रोव्होल्ट तयार होतात. सध्या बोर्ड बंद डब्यात ठेवून पाहतोय.