आपल्या माणसाचें मोल

सभ्य घरांतून एक अलिखित दंडक पाळला जातो. व्यवहाराची भाषा परक्याशीं बोलावी, आपल्या माणसाशीं बोलूं नये. गवंडी कामावर येण्यापूर्वीं त्याची मजुरी ठरते. भाडेकरूकडून रीतसर कागद लिहून घेतला जातो. परंतु तीस वर्षें घरची शेती पाहणारा धाकटा भाऊ, किंवा एखाद्या संस्थेसाठीं रात्रंदिवस खपणारा तरुण शिक्षक, यांच्याशीं मोबदल्याची गोष्ट कोणी काढीत नाहीं. त्यांनीं ती आपण होऊन काढलीच, तर ऐकणाराच्या चेहऱ्यावर प्रथम उमटतो तो दुखावल्याचा भाव. “तूं आपलाच ना? मग हें काय बोलणें?” या प्रश्नास उत्तर देणें फार कठीण, कारण विचारणारा पुष्कळदां खरोखरच प्रेमानें विचारीत असतो.

या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर आम्हांस फार दूरच्या मुलखांत, आणि आम्ही कधींही न पाहिलेल्या खेळांत सांपडलें. टोरांटोस राहणाऱ्या आमच्या भाच्यानें केन ड्रायडन या गृहस्थांचें ‘द गेम’ नांवाचें, १९८३ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक आम्हांस धाडलें. ड्रायडन हे कॅनडांतील बर्फावरच्या हॉकीचे नामांकित गोलरक्षक. ५ सप्टेंबर २०२५ रोजीं वयाच्या ७८ व्या वर्षीं ते वारले. पुस्तकामुळें त्यांच्या आयुष्याविषयीं अधिक जाणून घेण्याची ओढ लागली. आणि जें जें वाचलें त्यांत त्यांच्या जिंकलेल्या वर्षांपेक्षां एका न खेळलेल्या वर्षानेंच आमचें मन अधिक गुंतवून ठेविलें.

खेळाची थोडी ओळख येथें करून देणें अवश्य आहे. या हॉकींत दोन्ही बाजूंस सहा सहा गडी असतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात, आणि चेंडूऐवजीं कठीण रबराची, सुमारें १७० ग्रॅम वजनाची चकती असते. सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा गोलापुढें गोलरक्षक एकटा उभा राहतो. ताशीं दीडशें किलोमीटरांहून अधिक वेगानें येणारी चकती त्याला अंगावर झेलावी लागते. इतर गडी थोडथोड्या वेळानें बाहेर बसून दम घेतात. गोलरक्षकाची जागा सहसा अखेरपर्यंत बदलत नाहीं. इतरांच्या चुका खेळाच्या ओघांत वाहून जातात. त्याची चूक फलकावर आंकडा होऊन झळकते.

अशा जागीं ड्रायडन १९७१ च्या आरंभीं उभे राहिले, तेव्हां ते मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करीत होते. १९०९ सालीं स्थापन झालेल्या ‘मॉन्ट्रियल कॅनेडियन्स’ या संघानें त्यांस साखळीच्या अखेरच्या सहा सामन्यांत खेळविलें, आणि ते सहाही सामने संघानें जिंकले. पुढें निर्णायक फेऱ्यांत आदल्या वर्षाच्या विजेत्या बोस्टन संघास त्यांनीं थोपविलें. स्टॅन्ली चषक मॉन्ट्रियलला आला, आणि त्या फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान या नवख्या विद्यार्थ्यास मिळाला. दुसऱ्या वर्षीं उत्कृष्ट नवोदिताचें पारितोषिक आलें. सप्टेंबर १९७२ मध्यें मॉस्को येथें कॅनडानें सोव्हिएत रशियाविरुद्धचा शेवटचा सामना ६–५ असा जिंकला, तेव्हां गोल राखीत होते ते हेच. १९७२–७३ च्या साखळींत मॉन्ट्रियल संघ ७८ पैकीं केवळ १० सामने हरला. पुन्हां चषक, पुन्हां उत्कृष्ट गोलरक्षकाचा मान. आणि त्याच वर्षीं कायद्याची पदवी! वय अवघें सव्वीस.

ज्या घरांत ते वाढले तेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. वडिलांनीं घरामागचें अंगण मुलांच्या खेळासाठीं फरसबंद करून दिलें होतें. त्याच अंगणांत थोरला भाऊ डेव्ह आणि केन खेळले, आणि दोघेही गोलरक्षक झाले. डेव्ह तर शाळेंत शिक्षकही होते. वडील मरे ड्रायडन यांस झोपलेल्या मुलांचीं छायाचित्रें काढण्याचा नाद होता. त्यांतूनच, उघड्यावर निजणाऱ्या गरीब मुलांस अंथरूण-पांघरूण पुरविणारी एक संस्था त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें १९७० सालीं काढली. तिचें पहिलें वाटप झालें तें आपल्या पुण्यांत! हें वाचून आम्हांस सानंद आश्चर्य वाटलें. पैशाच्या लोभानें आंधळें झालेलें हें घर नव्हें, एवढें ध्यानांत ठेवून पुढची हकीकत वाचावी.

त्या काळीं हॉकीपटूचा करार ही मोठी एकतर्फी वस्तु होती. संघानें एकदां एखाद्या मुलावर हक्क सांगितला कीं तो मुलगा इतर संघांस वर्ज्य होई. ड्रायडन सोळा वर्षांचे असतांना, १९६४ सालीं, बोस्टन संघानें त्यांच्यावर हक्क नोंदविला, आणि थोड्याच दिवसांत तो हक्क मॉन्ट्रियलला देऊन टाकला; कूळ जमिनीबरोबर दुसऱ्या खोताकडे जावें तसाच हा प्रकार. मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे. त्याचें नांव आपल्याच यादींत राखून ठेवण्याचा अधिकार संघाकडे असे. कोणास किती वेतन मिळतें हेंही गुलदस्तांत. खेळाडूंच्या संघटनेनें तीं वेतनें सर्वांस उघड केलीं तीं १९९० सालीं. शेजारच्या गड्यास काय मिळतें हें ठाऊक नसलेला वीस वर्षांचा पोर कसलेल्या व्यवस्थापकापुढें एकटा बसे. त्यानें काय घासाघीस करावी?

१९७२ सालीं या बांधास पहिली मोठी भेग पडली. एक प्रतिस्पर्धी साखळी निघाली, आणि तिनें बॉबी हल या विख्यात खेळाडूस केवळ सहीसाठीं दहा लक्ष डॉलर देऊं केले. त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील न्यायालयानें खेळाडूंस जखडून ठेवणाऱ्या त्या कलमाची अंमलबजावणी रोखली. बाजार म्हणून कांहीं वस्तु आहे आणि तींत आपलें मोल निराळें ठरूं शकतें, हें खेळाडूंस प्रथमच दिसलें.

तें ड्रायडन यांसही दिसलें. आपल्या तोडीच्या इतर गोलरक्षकांस जें मिळत होतें त्याच्या मानानें संघ आपणांस कमी देतो, असें त्यांचें म्हणणें होतें. बोलणीं फिसकटलीं. सप्टेंबर १९७३ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं यंदा आपण खेळणार नाहीं. ते दुसऱ्या संघाकडे गेले नाहींत, वर्तमानपत्रांतून कोणावर चिखलफेकही केली नाहीं. टोरांटोस जाऊन एका वकिली पेढींत उमेदवार म्हणून रुजू झाले. वेतन आठवड्यास १३४ डॉलर! म्हणजे वर्षाचे पुरते सात हजारही नव्हेत. चषक जिंकून देणारा गोलरक्षक सकाळीं कागदांची भेंडोळीं घेऊन कचेरींत बसूं लागला, हें दृश्य लोकांस चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं.

इकडे मॉन्ट्रियलचा गोल वेन थॉमस, मिशेल प्लास आणि एकवीस वर्षांचा मिशेल लारोक अशा तिघांनीं मिळून राखला. ते कांहीं नादान खेळाडू नव्हते. तरीही आदल्या वर्षीं ज्या संघावर १८४ गोल झाले होते, त्यावर या वर्षीं २४० झाले. हरलेले सामने १० होते ते २४ वर गेले. निर्णायक फेऱ्यांत न्यूयॉर्कनें त्यांस पहिल्याच फेरींत बाहेर घालविलें. चषक गेला तो फिलाडेल्फियाकडे, आणि तेथें सर्वोत्तम खेळाडू ठरला तो त्यांचा गोलरक्षक बर्नी पॅरंट. नव्या साखळींतील संघाशीं पैशांवरून बिनसल्यावर हा गृहस्थ जुन्या साखळींत परत आला होता. ड्रायडन यांचें मोल किती, या प्रश्नास जें उत्तर बोलण्यांतून निघालें नाहीं, तें त्या छप्पन गोलांनीं दिलें.

येथें संघाचीही बाजू आहे, आणि ती न ऐकणें अन्यायाचें होईल. व्यवस्थापक सॅम पोलॉक हे अत्यंत हिशेबी आणि दूरदर्शी म्हणून प्रसिद्ध होते. एकास वाढवून दिलें तर उद्यां दहाजण दारांत उभे राहतील, हा विचार कोणत्याही कारभाऱ्याच्या मनांत येणारच. घर चालविणाऱ्या प्रत्येक कर्त्या पुरुषास तो परिचित आहे. शिवाय ज्यांनीं कांहीं मागितलें नव्हतें, त्या सोबत्यांसही एका गड्याच्या नकाराची किंमत मोजावी लागली. हें सारें खरें असूनही एक गोष्ट उरतेच. हें संकट ड्रायडन यांच्या मागणीनें आलें, असें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याच्यावांचून छप्पन गोल अधिक होतात, त्याचें मोल तो असतांना कोणी मोजलेंच नव्हतें, असेंही म्हणतां येईल.

आम्हांस या कथेंत सर्वांत मोलाचें वाटतें तें त्यांचें धैर्य नव्हें. धैर्यवान माणसें पुष्कळ असतात. पोटाला चिमटा बसूं लागला कीं तींही वांकतात. “अडला हरि गाढवाचे पाय धरी,” अशी म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाहीं. ड्रायडन अडलेले नव्हते. त्यांच्या हातीं दुसरी विद्या होती, आणि वकिलीची सनद मिळविण्यापूर्वीं ती उमेदवारी केव्हां तरी करावी लागणारच होती. म्हणून तें वर्ष फुकट गेलें नाहीं, आणि म्हणूनच त्यांच्या ‘नाहीं’ला वजन आलें. करार म्हणजे दोघांची संमति. परंतु ज्याला ‘नाहीं’ म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्या ‘हो’ला संमति म्हणावें काय? ज्यांना बर्फापलीकडे कांहींच येत नव्हतें, अशा कित्येक गुणी पोरांनीं समोर येईल त्या कागदावर सह्या केल्या असतील. त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत.

हें आम्ही केवळ पुस्तकावरून लिहीत नाहीं. सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं आम्ही खासगी शाळेंत शिक्षक होतों. पगारपत्रकावर सही एका आंकड्यासमोर करावी, आणि हातांत पडावा तो दुसराच आंकडा, अशी तेथील वहिवाट होती. आम्हीं एकदां भीत भीत विषय काढला. चिटणीस मोठे गोड माणूस, त्यांनीं आमच्या खांद्यावर हात ठेविला, आणि म्हणाले, “मास्तर, संस्था म्हणजे आपलें घर. घरांत कोणी पगार मोजतो काय?” तेव्हां आमचे वडील अंथरुणास खिळले होते, दोन बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं होतीं. आम्हीं मान खालीं घालून सही केली, आणि पुढें चार वर्षें करीत राहिलों. त्या चार वर्षांत रात्रीं कंदिलाशेजारीं बसून हिशेबनिसाची परीक्षा दिली. एका सहकारी कारखान्याच्या कचेरींतून नेमणुकीचें पत्र आलें, आणि तें आम्हीं चिटणिसांपुढें ठेविलें. आश्चर्य असें कीं, चार वर्षें संस्थेच्या तिजोरींत नसलेला पैसा त्या एका सायंकाळीं सांपडला! आम्ही त्या संस्थेंत आणखी सहा वर्षें राहिलों, सही आणि हातचा आंकडा एकच होऊन. आणि त्या सहा वर्षांत आमच्या हातून जें शिकविणें झालें, तें पहिल्या चारांपेक्षां अधिक मनापासून झालें. चिटणीसही आमच्याशीं अधिक मोकळेपणानें बोलूं लागले.

ड्रायडन यांचेंही तसेंच झालें. १९७४ च्या हिंवाळ्यापूर्वीं संघाशीं त्यांचा नवा, समाधानकारक करार झाला, आणि ते त्याच गोलापुढें परत आले. त्यांचें ‘आपलेपण’ हिशेब झाल्यानें आटलें नाहीं. १९७६ पासून १९७९ पर्यंत सलग चार वर्षें स्टॅन्ली चषक मॉन्ट्रियलनें जिंकला, आणि चारही वर्षीं उत्कृष्ट गोलरक्षकाचा मान त्यांच्याकडे आला. एकंदर ३९७ साखळी सामन्यांत त्यांच्या वांट्यास अवघे ५७ पराभव आले. पुढें वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, अजून सर्वांनीं रहा म्हणावें अशा वेळीं, ते आपण होऊन थांबले. न भांडतां जाणें त्यांस साधलें, कारण भांडण वेळींच मिटविलेलें होतें. ग्रंथकार, लोकसभेचे सभासद आणि कॅनडाच्या सरकारांतील मंत्री अशीं कामें त्यांनीं नंतर केलीं. २००७ सालीं संघानें त्यांचा २९ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. म्हणजे यापुढें तो अंक त्या संघांत कोणाच्याही पाठीवर दिसावयाचा नाहीं. ज्या घरानें एकदां मोल नाकारलें होतें, त्याच घराचा हा मान.

आमच्या वाचकांच्या घरीं गोलरक्षक नसतील. पण दुकानाची चावी कमरेला लावून वीस वर्षें बसलेला पुतण्या असेल. सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठीं नोकरी सोडलेली सून असेल. थोरल्याच्या शिक्षणासाठीं मागें राहिलेला धाकटा भाऊ असेल. त्यांच्याशीं मोबदल्याचें बोलणें बहुधा वांटणीच्या दिवशींच प्रथम निघतें, आणि तेव्हां समोर वकील बसलेले असतात. तेंच बोलणें सर्वजण एका पंक्तीस जेवत असतांना, शांतपणें, कर्त्या माणसानेंच काढिलें तर काय बिघडेल? कमी वयाच्या माणसास तें काढण्याची पाळी येऊं नये, हें खरें वडीलपण. आणि घरांतल्या प्रत्येक मुलास व मुलीस पोट भरण्यापुरती एक निराळी विद्या अवश्य द्यावी. तीं घर सोडून जावींत म्हणून नव्हे. तीं राहतील तेव्हां आपल्या खुषीनें राहत आहेत, हें तुम्हांस आणि त्यांसही कळावें म्हणून.