लपवलेली टोपी

दिवाळीची साफसफाई ही नवरेमंडळींच्या दृष्टीने मोठी धोक्याची गोष्ट आहे. माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. मी हे गमतीने लिहितो आहे असे वाटत असेल, तर आयर्लंडातल्या डिक फिट्झजेराल्डची हकीकत ऐका.

आमची मुलगी डब्लिनला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने मोटारीने आम्हाला पार पश्चिमेला, केरी परगण्यात नेले. तिथे स्मरविक नावाचा उपसागर आहे. जवळच गॅलरसचे जुने दगडी प्रार्थनामंदिर, उपड्या घातलेल्या होडीसारखे. प्रवाशांची गर्दी तिकडे. मला ओढ होती ती किनाऱ्याची, कारण क्रॉफ्टन क्रोकरने १८२५ ते १८२८ या काळात छापलेल्या दक्षिण आयर्लंडच्या लोककथांत डिकला त्याची जलकन्या भेटते ती इथेच.

पहाटेची वेळ. डिक पाइप ओढीत उभा आहे आणि खडकावर बसून ती हिरवे केस विंचरते आहे. शेजारी तिची जादूची टोपी. ती असेल तरच तिला पाण्याखाली परत जाता येते. डिकने टोपी उचलली आणि खिशात घातली. ती रडू लागली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की तू मला खाणार का?

लग्नाला पाद्रीबाबांचा विरोध. माशाशी कसले लग्न! पण नवरीच्या बापाकडे सोन्याला तोटा नाही हे कळताच त्यांचा धर्मविचार बराच मऊ झाला. (देश बदलला तरी भटजी बदलत नाहीत.) तीन वर्षांत तीन मुले झाली, संसार सुखाचा चालला. एके दिवशी डिक ट्रालीच्या गावी गेला आणि इकडे बाईंनी घर झाडायला काढले. भिंतीवरचे मासे धरण्याचे जाळे ओढले, तो मागे भोक आणि भोकात टोपी! तिने मुलांचे मुके घेतले. परत यायचे असे मनाशी म्हणतच ती निघाली. पण समुद्रातून गाणे ऐकू आले आणि घर, मुले, सारे विसरून तिने उडी घेतली. डिकने पुढे लग्न केले नाही. सासऱ्याने तिला अडकवून ठेवले असेल, अशी तो स्वतःची समजूत घालीत राहिला.

जलकन्येला आयरिश भाषेत म्हणतात ‘मुरूख’. आपल्या कानाला गंमत वाटते. पण या गोष्टीत मुरूख कोण, हे मला तेव्हा कळले नव्हते.

१९३५ साली तिथे सरकारने लोकवाङ्मय गोळा करण्यासाठी मंडळ नेमले आणि या कथेची रूपे गावोगाव मिळाली. कुठे टोपीऐवजी अंगरखा, कुठे भिंतीऐवजी माळा. लपवणे मात्र चुकत नाही.

हे सारे मी खडकावर बसून मोठ्या रंगात सांगितले. मुलगी म्हणाली, “बाबा, पण मुलांना टाकून कशी गेली ती?”

आमच्या सौभाग्यवती समुद्राकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “टोपी तीन वर्षांत सापडली, म्हणून गेली.”

मला वाटले, सहज बोलली. मुलगी मोटारीकडे चहाचा थर्मास आणायला गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, “अहो, १९८४ साली नागपूरच्या कॉलेजचं पत्र आलं होतं. माझ्या नेमणुकीचं.”

“उशिरा आलं होतं ते. हजर व्हायची तारीख उलटून गेली होती,” मी म्हणालो. चाळीस वर्षे हेच म्हणत आलो होतो.

“पाकिटाच्या पाठीवर पुण्याच्या पोस्टाचा शिक्का होता, सात तारखेचा. तुम्ही मला दिलंत अकराला.”

“कधी पाहिलास तू शिक्का?”

“त्याच दिवाळीत. माळा झाडताना.”

तेव्हा मुलगी पोटात होती. मी हिशेब करीत बसलो. मुलगी थर्मास घेऊन आली आणि आईने पहिला पेला नेहमीप्रमाणे माझ्यापुढे धरला. साखर बरोबर होती.

यंदाही माळा झाडायचा आहे. मीच शिडी लावणार आहे. ते पाकीट अजून तिथे आहे का, हे तिला विचारण्याचा धीर मात्र मला झालेला नाही.